अक्काचा सा

गिरणीवाल्या अक्काला शांततेत गाता येत नसे. गाणारी माणसं आधी सगळ्यांना गप्प बसवतात, खाकरतात, डोळे मिटतात. अक्का आधी मोटारीचं बटण दाबायची. पट्टा फिरू लागला, दगडावर दगड घासून घरघर सुरू झाली की वरच्या पेटीत ज्वारी ओतता ओतता तिचा आवाज त्या घरघरीवर असा चढायचा, की रस्त्यावरचा सायकलवाला एक पाय टेकवून थांबे. "तुमच्या बाजाच्या पेटीत असंल सा," ती म्हणायची, "माझा पट्ट्यात हाय."

लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं. मी निलंगा तालुक्यातल्या एका खेड्यातून बी.ए.ला आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. गंज बाजारामागच्या गल्लीत अक्काच्या गिरणीला लागून माझी खोली होती. भिंत एकच. पहिले आठ दिवस त्या घरघरीनं अभ्यास होईना म्हणून मी तक्रार करायला गेलो, आणि दारातच उभा राहिलो. अक्का गात होती. तक्रार तशीच राहिली.

ती पन्नाशीची असेल. भुवयांवर कायम पीठ. माहेर कर्नाटकाच्या शिवेवरचं, त्यामुळे पेटी भरली की कानडीत "साकु, साकु", म्हणजे पुरे पुरे, म्हणून ओतणाऱ्याचा हात धरायची. गळ्यात लिंगाची चांदीची डबी होती. तिच्यावर पीठ बसायचं. गाण्याआधी पदराच्या टोकानं ती डबी पुसायची, तेवढीच तिची तयारी. नवरा वारल्यावर दिरांनी गिरणी विकायला काढली तेव्हा ती दारात आडवी बसली म्हणे, आणि म्हणाली, "घ्या इकत. पर आधी मला उचला." कुणी उचललं नाही.

दळण बघून ती घर ओळखायची. मोठा डबा लहान झाला, ज्वारीत मका आला, मग रोजगार हमीच्या कामावरचा गहू आला, हे तिला कुणी सांगावं लागत नसे. बायका रांगेत बसून बोलायच्या आणि त्यांच्या बोलण्यातून तिचं गाणं व्हायचं. एक बाई खडी फोडून आली, तळहात दाखवले, दुसऱ्या दिवशी अक्का गात होती:

लई तापलं आभाळ, बाई, लई लांब वाट,
खडी फोडता फोडता झाले दगडाचे हात.

आणि जिल्ह्यावरचं तर सगळ्या गल्लीला पाठ होतं:

जिल्हा झाला, जिल्हा झाला, पाटी लागली गावाला,
घागर आली नळाखाली, पानी आलं नावाला.

या गाण्यांभोवती हळूहळू एक पार्टी जमली. समोर शिवणकाम करणारे युसूफभाई बेंजो वाजवायचे, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. लग्नाच्या बँडमधला मारुती ढोलकीवर बसायचा. दुष्काळात लग्नं धड होत नव्हती, त्यामुळे त्याला वेळच वेळ. मी काही वाजवत नव्हतो. मी गाणी वहीत उतरवून घ्यायचो. लोक आम्हाला 'गिरणी पार्टी' म्हणू लागले.

युसूफभाईंची मोठी अडचण होती विजेची. दुपारी व्होल्टेज पडलं की मोटर सुस्तावायची आणि तिच्याबरोबर सूरही खाली यायचा. अक्का त्याच्याबरोबर सहज खाली उतरायची, जशी पायरी उतरावी तशी. युसूफभाईंना मात्र सगळ्या तारा पुन्हा लावाव्या लागत.

"अक्का, तुमारा सा फिर बैठ गया," ते वैतागून म्हणत.

"बसू द्या की भाईजान. दमला असंल. आपून बी जरा खाली बसून गाऊ."

कॅसेट काढायची कल्पना मारुतीची. त्या वेळी चहाच्या टपरीपासून एस.टी. स्टँडपर्यंत सगळीकडे कॅसेटच वाजत होत्या. "कुनाबी सोम्यागोम्याची निघती, आपली का न्हाई?" तो म्हणाला. अक्कानं हातावरचं पीठ झटकलं. मग म्हणाली, "माझा आवाज ह्या गल्लीच्या भाईर कधी गेला न्हाई. जाऊ द्या की एकदा. बगू तर कुठवर जातो." तिला दुसरं काही नको होतं. तिच्या आवाजात, तिच्या शब्दांत ती गाणी कुठंतरी लांब वाजावीत, एवढंच.

स्टुडिओ पुण्यात, नाहीतर हैदराबादला. तिथं जायची ऐपत कुणाचीच नव्हती. युसूफभाईंचा मेहुणा आखातातून परतला होता, त्याचा टेपरेकॉर्डर चार दिवसांच्या बोलीवर मिळाला. कोरी कॅसेट घेण्याऐवजी मारुतीनं चुलतभावाच्या लग्नाची कॅसेट आणली. तिच्या पाठीवरची मोडलेली खाच कागद आणि चिकटपट्टीनं बुजवली की तिच्यावर पुन्हा भरता येतं, हे त्याला ठाऊक होतं.

"भावाला इचारलंस का?" अक्कानं विचारलं.

"त्याला कशाला इचारू? बायकू माहेरी गेलीय त्याची. तो कुठं ऐकून राहिला!"

आता माझ्या चुकीकडे येतो. आधी थोडं माझ्याविषयी सांगावं लागेल. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून मी म्हणालो होतो, "सर, हे लई अवघड हाय." वर्ग हसला. सरही हसले, वाईट मनानं नव्हे. पण त्यानंतर मी बोलायच्या आधी प्रत्येक शब्द मनात धुऊन घेऊ लागलो. आणि धुता येईना तेव्हा बोलायचंच टाळू लागलो. अक्काची कॅसेट शहरातले लोक ऐकतील, तिलाही असंच हसतील, या भीतीनं मी वहीतली तिची सगळी गाणी धुऊन काढली. तिला वाचवतोय असंच मला वाटत होतं.

कॉलेजचा हॉल मी विनवण्या करून एका रविवारी दुपारी मिळवला. म्हटलं, शांत जागा हवी. अक्का ठेवणीतलं लुगडं नेसून आली. हॉलमध्ये पंखासुद्धा बंद. तिनं डबी पुसली, तोंड उघडलं, आणि आवाज निघेना. निघाला तो चोरासारखा, भिंतीला चाचपत. ती इकडं तिकडं बघत राहिली, सा कुठं ठेवलाय ते शोधत असल्यासारखी. त्यात मी सुधारलेला कागद तिच्यासमोर धरून ओळी सांगत होतो: 'खूप तापले आकाश, सखे, दूर आहे वाट, खडी फोडता फोडता झाले पाषाणाचे हात.'

अक्का थांबली. "पाषाण म्हंजी काय रं?"

"दगडच, अक्का."

"मंग दगड का म्हनू नये? आमच्या बायांनी दगड फोडला. पाषाण कुनी फोडला?"

मारुती ढोलकीवर डोकं ठेवून हसला. मला कुठं तोंड लपवू असं झालं. "तसं ऐकायला बरं वाटतं," मी पुटपुटलो.

"कुनाला?" अक्कानं विचारलं. मी कागद खाली घेतला. ती उठली. "चला माघारी. हितं माझं कुनीच न्हाई. गिरणीत भरू."

गिरणीत भरायचं म्हणजे घरघरीसकट. चार दिवसांतले दोन गेले होते. पहाटे व्होल्टेज बरं असतं म्हणून तिसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही जमलो. माइक एकच, तोही टेपच्या पोटात. टेप गोधडीत गुंडाळून खुंटीला टांगला. मग कोण कुठं उभं राहिलं की कुणाचा आवाज किती येतो, हे बघण्यात सकाळ गेली. अक्कानं जमिनीवर पिठानं रेघा ओढल्या. बेंजोची रेघ टेपच्या अगदी जवळ. तिची स्वतःची सहा पावलं मागं, पिंपाच्या पलीकडं. मारुतीची ढोलकी इतकी दणकट यायची की त्याची रेघ सरकत सरकत उंबऱ्याबाहेर गेली, आणि शेवटी तो रस्त्यावर बसून वाजवू लागला.

"मी पार्टीत हाय का न्हाई?" तो बाहेरून ओरडला.

"हाईस की," अक्का म्हणाली, "म्हनून तर भाईर काढलाय."

दळणाला आलेल्या बायकांना तिनं हाकललं नाही. डबे घेऊन त्या भिंतीला टेकून बसल्या आणि धृपदाला आपोआप साथ देऊ लागल्या. सात गाणी झाली. सातव्याला गावात कुठंतरी भार वाढला असावा. मोटर दमली, सूर खाली सरकला, अक्का त्याच्यासोबत उतरली, बायका उतरल्या, आणि युसूफभाई एका हातानं तार सैल करत दुसऱ्या हातानं वाजवत राहिले. टेप थांबवल्यावर ते घाम पुसत म्हणाले, "अल्ला कसम, ऐसा कभी नै बजाया." शेवटचं गाणं संपलं की जुन्या लग्नातला मारुतीच्या वहिनीचा अर्धा उखाणा ऐकू येत होता. तो तसाच राहिला.

कॅसेट घेऊन मी आणि अक्का एस.टी.नं नांदेडला गेलो. तिथं एक कॅसेटवाला होता, तो प्रती काढून गावोगाव पाठवायचा. त्यानं एक गाणं ऐकलं, दुसरं अर्धं ऐकलं आणि टेप बंद केला.

"शब्द फक्कड हायत. पण ही घरघर काय आहे?"

"गिरणी हाय," अक्का म्हणाली.

"ती काढावी लागंल. आणि मावशी, रागावू नका, तुमचा आवाजबी गिरणीसारखाच हाय."

"गिरणीचाच हाय त्यो."

तो हसला. म्हणाला, त्याच्याकडं गोड गळ्याची मुलगी आहे, चांगला वाद्यवृंद आहे. गाणी तिला देऊ, चाल लोकांच्या ओळखीच्या सिनेमाची लावू, खर्च सगळा त्याचा. मग माझ्या हातातल्या वहीकडं बघून म्हणाला, "लिहिणारे तुम्हीच ना? गीतकार म्हणून नाव छापतो."

माझं नाव, छापलेलं. आमच्या घरातल्या कुणाचंही नाव मतदारयादीखेरीज कुठं छापलं गेलं नव्हतं. मी अक्काकडं बघितलं नाही.

अक्कानं स्वतःच टेपचं झाकण उघडलं, कॅसेट काढली आणि कनवटीला लावली. "दादा, दळण माझं, गिरणी माझी. आन् पीठ तुमच्या डब्यात? न्हाई जमायचं." ती पायऱ्या उतरू लागली. मीही उठलो. कॅसेटवाला हळूच म्हणाला, "वही तेवढी ठेवून जा. वाचून बघतो, पाठवून देतो." मला नाही म्हणता येत नाही. कधीच आलं नाही. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मला नाही म्हणायचंही नव्हतं. मी वही ठेवली.

वही परत आली नाही. दोनेक महिन्यांनी गावाकडं जाताना निलंग्याच्या स्टँडवर मला ते गाणं ऐकू आलं. गोड गळा, सिनेमाची चाल, आणि शब्द: 'खूप तापले आकाश, सखे.' दुकानात जाऊन मी कॅसेट हातात घेतली. वेष्टनावर त्या मुलीचा फोटो होता आणि खाली बारीक अक्षरांत 'गीत : पारंपरिक'. माझं नावसुद्धा नव्हतं. पुढच्या बसमध्ये न चढता मी तिथल्या बाकड्यावर बसून राहिलो. मग कॅसेट विकत घेतली आणि उलटा लातूरला आलो.

अक्काला एकटीला गाठून, हळू आवाजात सांगायचं मी ठरवलं होतं. पण गिरणी ऐन भरात होती, आठ-दहा बायका रांगेत. मी तिच्या कानाशी जाऊन बोललो.

"आं?"

मी पुन्हा बोललो.

"आरं, मोठ्यानं बोल की! गिरणी चालू हाय."

ती चालू दळणात गिरणी कधीच बंद करत नसे. तेव्हा मी ओरडलो. सगळ्या बायकांसमोर, रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडलो, "अक्का, मी वही त्याच्यापाशी ठेवली! त्यानं गाणी चोरली! माझ्यामुळं चोरली!" आयुष्यात मी एवढ्या मोठ्यानं बोललो नव्हतो.

अक्कानं माझ्याकडं बघितलं आणि चालू दळण पूर्ण केलं. पीठ चेपून डबा भरला, झाकण लावून बाईच्या हातात दिला. मग मोटर बंद करून म्हणाली, "लाव."

युसूफभाईंनी समोरून टेप आणला. तो आता त्यांच्याकडेच राहिला होता, मेहुणा परत आखातात गेल्यामुळे. सगळ्यांनी ऐकलं. एक बाई पदरानं डोळे पुसू लागली, रागानं. अक्का मान हलवत होती.

"गळा गोड हाय पोरीचा," ती म्हणाली. "पर ह्यात 'लई' कुठाय?"

तिनं टेप थांबवायला लावला.

"माझ्या गान्यात लई हाय. दगड हाय. हे माझं न्हाईच. चोरानं चोरलं ते ह्या पोराचं. त्याचं पाषाण नेलं." मग माझ्याकडं वळून, "आन् पारंपरिक म्हंजी काय?"

"आजी-पणजीपासून चालत आलेलं, अक्का."

"मी काय मेली का रं?"

बायका हसल्या. मला हसू आलं नाही. अक्काही हसली नव्हती. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझा डबा रांगेत कितीही पुढं असला तरी शेवटी घ्यायची. पाचव्या दिवशी तिनं एक नवी वही माझ्यासमोर टाकली. "बस हितं. मी सांगते तसं लिही. एक बी अक्षर धुवू नको." मी सातही गाणी पुन्हा लिहिली. प्रत्येक 'लई' तिनं बोट ठेवून दाखवायला लावला. तिला वाचता येत नव्हतं, पण दोन अक्षरांचा तो शब्द ती आता ओळखू लागली होती.

त्याच दिवशी गिरणीच्या दारावर मी तिच्या सांगण्यावरून खडूनं लिहिलं, 'जुनी कॅसेट आणा. दळण होईस्तोवर गाणी भरून मिळतील.' दुसरा टेप मारुतीनं बँडच्या मालकाकडून आणला. दोन टेप जोडायची तार आमच्याकडं नव्हती. म्हणून धान्याच्या रिकाम्या कोठीत ते समोरासमोर ठेवले, वर पोती टाकली, आणि एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. अर्थात बाहेर गिरणी चालूच असे. त्यामुळे प्रत्येक प्रतीत दोन गिरण्या आल्या, एक गाण्यातली आणि एक त्या दिवसाची. कुणाच्या प्रतीत मारुतीची शिंक आहे, कुणाच्या प्रतीत "साकु, साकु". दोन प्रती सारख्या नव्हत्या.

लोक खरंच आले. भजनाच्या, कव्वालीच्या, कीर्तनाच्या जुन्या कॅसेटा घेऊन आले. एक म्हातारा उदगीरहून आला, कॅसेट होती पण दळण नव्हतं, तर अक्कानं त्याला शेजारून पायलीभर ज्वारी उसनी आणायला लावली. "मोकळ्या हातानं गिरणीत येत्यात का कुठं?" एका बाईनं सांगितलं की तिचा भाऊ इस्लापूरकडं ट्रक चालवतो, तिकडं एका धाब्यावर ही कॅसेट वाजते. अक्कानं विचारलं, "इस्लापूर कुठं आलं?" मी म्हणालो, "किनवटकडं. नांदेडच्याबी पल्याड." त्या दिवशी तिनं पुढची तीन दळणं गात गात काढली आणि कुणाचं कोणतं पीठ यात गोंधळही केला.

जिल्ह्याचं गाव म्हणून रस्ते रुंद व्हायला लागले, तेव्हा आमची गल्लीही आखणीत आली. नोटीस मीच वाचून दाखवली. मोजणीवाले चुन्याची रेघ ओढायला आले त्या दिवशी अक्का सगळी दळणं संपेपर्यंत त्यांना थांबवून होती, आणि ते थांबलेही. मग तिनं मोटर स्वतः उभं राहून उतरवून घेतली. निलंग्याला बहिणीच्या घरापुढं छपरीत गिरणी लावायची ठरलं. टेम्पोत दगड, पट्टा, कोठी भरली, आणि मोटारीला खेटून, तिच्यावर हात टाकून अक्का बसली. युसूफभाई बेंजो देऊ लागले तर तिनं घेतला नाही. "तो वाजवायला तुमीच या."

मी काही बोलू पाहत होतो. तिनं हातानं थांबवलं. "परीक्षा दे नीट. आन् येशील तवा दळण घेऊन ये."

पुढच्या सुट्टीत मी गेलो. दहा किलो ज्वारीची पिशवी एस.टी.त चढवताना कंडक्टरनं पिशवी दाबून बघितली.

"ज्वारी? कुठं नेता?"

"निलंग्याला. दळायला."

"आवो, लातुरात गिरण्या न्हाईत का?"

बस भरलेली होती. पुढच्या बाकावर माझ्या कॉलेजातली दोन मुलं बसली होती, त्यांनी मागं वळून बघितलं. मी शब्द धुतला नाही.

"लई हायत की," मी मोठ्यानं म्हणालो, "पर त्या गात न्हाईत."